बोडका रुपया

मल्हारगंजातल्या आमच्या दुकानाचं दार
वाऱ्याने लागू नये म्हणून जो लाकडी ठोकळा ठेवलाय
तो इंग्लंडच्या बादशहाच्या डोक्याचा आहे.
गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

मैनाजी पगडबंद, माझा खापरपणजोबा,
बोटांनी चुण्या मोजायचा, बोलायचा कमी.
सूर्याचं तोंड असलेले होळकरी रुपये मुशीत गेले
आणि सराफ्यात हा नवा आला :
दाढी भरघोस, मान जाड,
डोकं उघडं.
जीतमल सराफाने फरशीवर वाजवला. नाद चोख.
तरी म्हणाला, "राजा को माथो उघाड़ो हे, भिया."

राणीच्या डोक्यावर मुकुट होता.
मग पोराला काय झालं?
मैनाजीने आपल्या परीने उत्तर लावलं :
आई गेली, पोर सुतकात आहे.
पण तेराव्याला कुणीतरी पगडी बांधतंच,
मामा नाहीतर सासरा.
वर्षामागून वर्षं नवे रुपये येत राहिले, तसेच उघडे.
ह्याला कुणीच नाही?

मथुबाईने लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो घेतला नाही.
"बोडकं तोंड सणाला नको,"
म्हणून डब्यातली राणीछाप काढली
आणि तिलाच हळद वाहिली.

रेसिडेन्सीतला वामोरीकर कारकून बातम्या आणायचा.
साठ वर्षं आईच्या दाराबाहेर ताटकळलेला मुलगा,
जेवणाचा शौकीन, घोड्यांचा, आणखीही कशाकशाचा
(इथे वामोरीकर दाराकडे बघून घ्यायचा),
साठीशांतीच्या वयात अभिषेकाला बसणार,
तर दोन दिवस आधी पोट फाडावं लागलं.
पाहुणे परतले. पक्वान्नं गोरगरिबांत गेली.
मैनाजीला हे फार लागलं.
मुहूर्त टळलेला नवरदेव त्याने जवळून पाहिला होता.

युवराज असताना तो इंदूरला येऊन गेला होता.
मैनाजी तेव्हा बापाच्या खांद्यावर.
हत्ती दिसले, झेंडे दिसले, टोपी दिसली.
डोकं तेव्हाही नाही.

म्हणून त्याने माप रुपयावरून घेतलं.
कपाळ ते मागची खळगी, सहा जव.
मग रुपयावरचा कान आपल्या कानाशी ताडला,
कान काय, सगळ्यांचे सारखेच,
आणि तेवढ्या पटीने भगीरथ सुताराकडून
शिसवी डोकं तासून घेतलं.
चंदेरीचं तलम, डाळिंबी. घाट होळकरी.
अकरा दिवस दुसरं काम हातात धरलं नाही.

वामोरीकर म्हणाला, साहेबांपुढे ठेवतो, खुशीत असू देत.
साहेब वर्षभर खुशीत नव्हते.

झळांचे दिवस, पहाटे शेंडेनक्षत्र दिसायचं.
वामोरीकर घामाघूम आला. गेले म्हणाला.
शेवटच्या दिवशी घोडा शर्यत जिंकला,
तेवढं कानावर घालता आलं.
मैनाजी जरा वेळाने म्हणाला,
"पगडी कपाटातच आहे ना तुमच्या?"

पुढे मुलाचा रुपया आला, मुकुटासकट.
मथुबाईने तो उलटसुलट करून बघितला
आणि ताटात ठेवला.

डाळिंबी पगडी कुणालाच बसली नाही.
लग्नात एकाच्या भुवयांवर आली,
एकाच्या टाळूवर डुगडुगली.
मैनाजीमागे कधीतरी उंदरांनी तिचा निकाल लावला.
ठोकळ्याला मात्र कीड लागली नाही.

रुपया माझ्याकडे आहे. सराफ्यात चांदीच्या भावाने मागतात.
दाढी झिजून सपाट झाली.
कान शाबूत.

दुपारी खान नदीकडून वारा सुटतो
आणि दार त्याच्या कपाळावर आपटत राहतं.
परवा तुकडाभर कापड शिल्लक होतं, तांबडं,
ते मी ठोकळ्याला चार वेढे देऊन गुंडाळलं.
आवाज होऊ नये, एवढ्यासाठी.