सतरा नंबर

अक्काचे अठ्ठावीस शोधनिबंध
मी शिलाई मशीनवर शिवून दिले,
टॉवेलच्या काठाला मारते तीच टीप.
विद्यापीठात एकत्र द्यायचे होते म्हणे.
बाइंडरचं दुकान बुधवारी बंद
आणि हिला सगळं बुधवारीच आठवतं.

मला इंग्रजी येत नाही.
मी निबंध चित्रांवरून ओळखते.
पहिल्यात षटकोन आहेत,
दोन घरं, मधे दोन नायट्रोजनचा पूल.
'हा पूल म्हणजेच लाल रंग,' अक्काने सांगितलं होतं
शेंगाचटणी कुटता कुटता,
'पूल तुटला की रंग जातो.
मागे उरतं ते डोळ्याला दिसत नाही.
ते वाईट.'

तेव्हा आमच्या मागच्या नाल्याला वार असायचे.
सोमवारी हिरवा, गुरुवारी जांभळा,
दिवाळीआधी दिवसातून दोनदा बदलायचा.
आम्ही पोरी चिंचोक्यांवर पैज लावायचो
आणि अक्काच जिंकायची.
आदल्या रात्री नायना जेवायला बसला
की ती त्याची कोपरं बघून ठेवायची.

नवव्या निबंधात नुसते आकडे.
ते गणित कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नऊ दिवस चालायचं होतं,
सातव्या दिवशी लाईट गेली, पुन्हा एकपासून.
चंद्रय्यामामा डबा घेऊन गेला
आणि तिथंच बसून राहिला स्क्रीनसमोर.
जन्मभर त्याने चादरीसाठी जेकार्डचे पुठ्ठे पाडले.
'भोक आहे, भोक नाही. एवढंच ना?
एका मोराला मला अकराशे पुठ्ठे लागायचे.
तुझ्या रेणूला किती?'
तिने आकडा सांगितला.
मामा डबा तिथंच विसरून घरी आला.

सोळावा मी सावकाश शिवला.
त्यात तक्ता आहे, रंगखात्यातले एक्केचाळीस कामगार:
वय, कामाची वर्षं, विडी-तंबाखू,
लघवीत काय सापडलं.
नावं नाहीत. नाव छापायचं नसतं.
सतरा नंबर: अठ्ठावन्न, चौतीस, नाही,
आणि शेवटचा आकडा ठळक.
ती बाटली मीच नेली होती,
टिफिनच्या पिशवीत, खाली बर्फ, वर भाकरीचं फडकं,
सिटी बसमध्ये मांडीवर धरून.
कंडक्टर म्हणाला, 'काय हो, दही का?'
मी हो म्हटलं.

पुढच्या निबंधात तोच तक्ता, तीन वर्षांनंतरचा.
सोळानंतर अठरा.
खाली बारीक अक्षरांत एक चांदणी.
तिचा अर्थ मी विचारला नाही.

नायनाचं नाव कुठंच नाही, मी अम्माला म्हणाले,
तर अक्काने पहिलं पान उघडून बोट ठेवलं:
चिट्याल ए. एल.
'एल म्हणजे लिंगय्या,
अठ्ठावीसच्या अठ्ठावीसवर आहे.'
अम्माने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला,
मग करंगळी फिरवली.
विड्या वळून तिच्या बाकीच्या बोटांना
आता कागद लागत नाही.

शेवटच्या दोन निबंधांत नवा रंग आहे.
तुटला तरी विष होत नाही,
निदान गणितात तरी.
कोरियात वाचला कुणी, पोर्तुगालात वाचला.
अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराने विचारलं,
किलोला किती जास्त?
तिने सांगितलं.
त्याने चहा पाजला, स्पेशल.

नाल्यावर आता स्लॅब पडलाय,
वर रिक्षा उभ्या राहतात.
खालचा रंग कळत नाही.
पहाटे पाचला आम्ही दोघी जातो,
ती दोरीला बाटली बांधून झाकणातून सोडते,
मी बॅटरी धरते.
दोरी जड होते तेव्हा मी विचारते, आज कुठला?
ती ओढायची थांबते.
'चिंचोके आणलेस का? आधी पैज लाव.'