तीन पॉइंट नऊ

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस
मीच काढते. घर माझं आहे.
जूनच्या अखेरीला ते वाढतात.
बावीस वर्षं खोल्या भाड्याने देतेय वाल्दिव्हियात,
नदीकाठी, पुलाच्या अलीकडे.
परीक्षा जवळ आली की मला
कॅलेंडर नाही, ही जाळी सांगते.

यंदा माडीवर रायेन आहे.
ओसोर्नोकडच्या खेड्यातली, गाईंच्या घरातली,
मनगटं अजून तशीच भक्कम,
आणि डोक्यात पूल बांधायचं.
रात्री दोनला जिना उतरते,
किटलीखाली गॅस लावते चोरासारखी.
मी जागीच असते. माझी झोप काय,
कान उघडे ठेवूनच येते.

सकाळी बशीत पाव तसाच,
एका कोपऱ्यावर दातांची खूण.
टोपलीत कॉफीच्या अकरा पुड्या.
मी मोजत नाही. मोजल्या गेल्या.

"झोपलीस का?"
"हो, थोडी."
"जेवलीस का?"
"हो, तिकडेच."
ओठाच्या कडेला ताप फुटलेला.

मी काही बोलले नाही.
माझ्या नवऱ्याने तीन आठवडे खोकला अंगावर काढला,
बोट रंगवायची राहिली होती म्हणून.
बोट रंगली.
निळी. आता दुसऱ्या कुणाची आहे.

गुरुवारी पहाटे पाचला तिच्या दारावर थाप मारली.
"पेट्या उचलायला पोरगा आला नाही."
पोरगा आला होता.
मीच त्याला पाव देऊन परत पाठवला.

धुकं इतकं, की नदी नुसती आवाजापुरती होती.
घराघरांतून ओल्या लाकडाचा धूर.
मासळीबाजारात, ओट्यांच्या मागे,
पाण्याकडेच्या फळ्यांवर
समुद्रसिंह पसरलेले.
त्यातला एक, चारशे किलोचा, पोट वर,
मिशीला माशाचा खवला,
असा घोरत होता
की फळी सांध्यात करकरत होती.

रायेन पेटी धरून थांबली.
"याचं काही नाही का, दोन्या एडेलमिरा?"
"काय असणार?"
"काही म्हणजे... सोमवारी याला काही द्यायचं नाही?"
आणि हसायला लागली.
हसता हसता पेटीवर बसली,
बर्फाचं पाणी पँटमधून आत जाईपर्यंत.
हसता हसता ते दुसरंच काही झालं.
मी माशाच्या पोटातून सुरी फिरवत राहिले.
अशा वेळी आपले हात चालू असलेले बरे.

घरी कालचा कासुएला होता:
भोपळा, मक्याचं कणीस, कोंबडीची तंगडी.
दोन वाट्या संपवल्या.
तिसरी हातात असतानाच, शेगडीजवळच्या बाकावर,
तिची मान कलली.
बूट मी काढले. मोज्याला भोक.
फोन वाजला, पुन्हा वाजला,
मी तो पिठाच्या डब्यात ठेवला.

अकरा तास.
उठल्यावर आधी माझ्यावर ओरडली,
मग विचारलं, पाव आहे का.

झोपलं की पास होतात, असं मी म्हणणार नाही.
खोटं कशाला बोलू?
पुढच्या मंगळवारी ती स्वयंपाकघरात आली
आणि कोट न काढताच बसली.
"तीन पॉइंट नऊ."
"पास व्हायला किती?"
"चार."

शेगडीत लाकूड सरकलं.
मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल,
ते अकरा तास माझ्या खात्यावर टाकेल.
टाकले असते तर मी घेतले असते.
तिने बोटाने टेबलावरचं पीठ पुसलं,
वाटी पुढे केली.

"शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. आणखी एक संधी."
दोन घास खाल्ले.
"उद्या पहाटे पेट्या उचलायला
पोरगा येणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं.
पोरगा येणार होता.