सुट्ट्यांची पिशवी

सगळ्यात आधी पिशवी.
चामड्याची, कदंबची, एकतीस वर्षं गळ्यात होती.
पट्टा खांद्याच्या जागी झिजून मऊ झालाय
आणि आत अजून नाण्यांचा वास येतो,
ओल्या विळ्यासारखा.
निवृत्तीच्या दिवशी परत करायची होती.
हरवली म्हणालो.
उभ्या नोकरीतलं ते एकच खोटं,
आणि ते मी काजूसाठी बोललो.

मग खोबरेल, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत.
बोंडूची बी पिरगळताना चीक उडतो,
कातडं जळतं, काळं पडतं, आठवड्याने साल निघते.
आधी बोटांना, मग मनगटांना,
मग कानामागे, कारण माणूस कान खाजवतोच.
पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाकीच आहे दुसरा कुठला असणार.
"बिल्ला तरी काढ," शेवंती म्हणते,
"माकडांची तिकिटं फाडणार आहेस?"

शेवंती माझी बहीण. चरावण्याच्या वरचा उतार
यंदा पावणीत तिने घेतला,
तीन बाप्यांच्या नाकावर टिच्चून.
म्हणून आज मी तिचा गडी.

काठी, टोकाला एक खिळा.
टोचून उचलायचं, वाकायचं नाही.
शिडी नको. आकडी नको.
काजू तोडत नाहीत.
तो आपल्या वजनाने सुटतो,
पाचोळ्यात थप् वाजतं,
तिकडे जायचं.
नवी पोरं फांद्या हलवतात,
गाडी थांबण्याआधी दाराशी येऊन लोंबकळणाऱ्या
उतारूंसारखी.

पेजेचा डबा, रबर शाबूत असलेला.
मिस्कुटाची एक फोड.
भाजलेला सुका बांगडा, दोन कागदांत,
एका कागदात बांधला तर दिवसभर
आपणच बांगडा.
चिमूटभर मीठ, बोंडू घशाला ओरखडतो त्यावर.
पाणी घरचंच, एप्रिलात ओहोळात नुसते दगड असतात.
मोबाईल राहू दे, वर रेंज नाही.
शेवंती हरवली तर कुकारा घालायचा.
ती हरवत नाही. मी हरवतो.

गाडीचे सुट्टे वेगळे, हातातच.
सहा वीसच्या गाडीवर नवा पोरगा आहे,
पन्नासची नोट बघून तो कसं तोंड करतो
ते मला ठाऊक आहे. मीच शिकवलंय.

काल रात्री पिशवी उलटी करून झटकली.
आतल्या बारक्या कप्प्यातून, जिथे मोठ्या नोटा ठेवायचो,
तिकिटाचा एक कपटा पडला.
पाठीमागे माझंच अक्षर:
पिदाद भाटीवाली. ३ रु. उद्या देणे.
तारीख नाही.
डोक्यावर डबा घेऊन ती वळणावर उतरली होती,
खिडकीखाली थांबून माझ्या हाताकडे बघत.
मी दोनदा घंटी मारली.

आमचे सगळे बोंडू तिच्याच भाटीवर जातात.
दर हंगामात तिच्या पडवीत बसून हुर्राक प्यालोय,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची,
सगळं तिच्याच हातचं.
एकदाही बोलली नाही.
विसरली असेल.
पिदाद? गेल्या सालच्या अर्ध्या किलोचा फरक
ती बारशाला काढते.

तीन नाणी, एकेकाची.
दोनाचं एक आणि एकाचं एक चाललं असतं,
पण डबा उपसून तीन शोधली.
पिशवीत नको, बियांत मिसळतील.
बिया आत पडल्या की वाजतातही तशाच,
थोड्या जाड आवाजात.
वरच्या खिशात ठेवली, बिल्ल्याच्या भोकांमागे.

संध्याकाळी टोपली उतरवताना देईन.
आधी तिला वजन करू दे.
काय म्हणू ते अजून जुळत नाही,
"बाई, तुमचे सुट्टे" एवढंच सारखं तोंडात येतंय.

टोपी. टोपी विसरत होतो.