दोन वार

साखर पेठेत, व्यंकटेशच्या गच्चीवर
रात्री दीडलाही फरशी दुपारचीच.
बोर्डाच्या कोपऱ्यावर शेंगाचटणीची बरणी,
वारा नसूनही.

लिलावाला गिरणी आली.
छापील, दोन इंची, निळी चिमणी.
परवीन बँक. थुंकी लावून नोटा मोजते.
"चाळीस," मल्लिनाथ.
मी पंचेचाळीस म्हणते, नको असतानाच,
नुसतं त्याला महाग पडावं म्हणून.

कनकय्या पहिल्या फेरीपासून पास.
चुरमुऱ्यातले दाणे वेचत बसलेला.
त्याचे सोळा माग गेले तेव्हा
आम्ही सगळे तिथं होतो.
किलोवर गेले.
वीस मिनिटं लागली, चहा धरून.

"एक वार..."
"नव्वद," तो म्हणतो.
"काय बे, सगळे?"
सगळे. चटणीच्या बोटांनी पुढे सारलेले.
हरणार, हे त्यालाही दिसतंय;
पुढच्या फेरीला कापूस घ्यायलाही काही उरत नाही.
मी शंभर म्हणू शकते.
हातात एकशेतीस आहेत.

"दोन वार," परवीन म्हणते,
आणि गल्लीतून कुणीतरी ओरडतं,
पाणी आलं!
पाचव्या दिवसाचं.
मल्लिनाथ मोटरकडे, व्यंकटेश नळीकडे,
हंडे, पिंपं, बादल्या,
जिन्यात कुणाची तरी एकच चप्पल.

तासाभरानं वर आलो, कोपरापर्यंत ओले.
"कुठवर आलो होतो गं?" परवीन विचारते.

"तीन वार झाले होते," मी म्हणते.

कनकय्या माझ्याकडे बघत नाही.
दाणा शोधतो.