मधला रकाना

योएन्सूत साडेतीनलाच अंधार पडतो.
चौथ्या मजल्यावर सेइया दिवा लावत नाही,
पडद्याचा उजेड पुरतो तिला.
पडद्यावर इंग्रजी. कोट्यवधी शब्द,
कुणी ना कुणी खरोखर बोललेले,
आणि मधल्या रकान्यात एकाखाली एक
द एंड ऑफ द
द एंड ऑफ द
द एंड ऑफ द
दोन्हीकडची वाक्यं कापलेली,
राईच्या पावाच्या चकतीसारखी;
कुठलं अर्ध्या शब्दातच उगवलेलं.

दिवस सगळ्यांत जास्त, ती टिपते.
मग महिना, रस्ता, बोगदा.
जग पार खाली.
जगाचा शेवट लोक रोज काढत नाहीत.

सकाळच्या तासाला तिनं सांगितलं होतं,
नियम मी देणार नाही, हजार ओळी वाचा,
नामाच्या पुढेमागे काय गोळा होतं ते बघा,
मुरेल हळूहळू.
वेइक्कोनं हात वर केला:
हे लोक शेवट आधी का सांगतात, बाई?
आपण आधी दिवस ठेवतो, मग त्याचा शेवट.
आधी घर, मग त्याचं छप्पर.
ह्यांचा आधी शेवट होतो,
आणि कशाचा, ते कळेपर्यंत
ऑफच्या पुलावर उभं राहायचं, श्वास धरून.
सेइया म्हणाली, चांगलं विचारलंस.
उत्तर नसलं की ती असंच म्हणते.

आता नवा शोध. हिज साइड ऑफ द.
सत्तेचाळीस ओळी.
टेबल, कुंपण, गल्ली, भांडण,
आणि बोली विभागातली एकच,
कुणी बाई, साठीच्या पुढची,
गाव पुसलेलं, नावाच्या जागी फुल्या:
मी अजून झोपत नाही त्याच्या बाजूला पलंगाच्या.

पाचपेक्षा कमी वेळा आलेलं नाम गाळावं,
हे सेइयानंच लिहिलंय, लेखाच्या तिसऱ्या पानावर.
एकदा आलं तर तो योगायोग.

ती ओळ रुंद करते.
डावीकडे पन्नास अक्षरं, मग दोनशे.
बाई चादरींचे भाव सांगत असते, सेल लागलाय म्हणून.
दुसरा आवाज, बहुधा मुलीचा:
मग सिंगलच घे ना.
मग ती ओळ.
मग विराम, दोन सेकंद, असं नोंदवलेलं.
मग किटलीची शिट्टी.
किटली कुणी उतरवली ते नोंदवलेलं नाही.

सेइयाच्या भाषेत तो आणि ती एकच, हॅन.
तिच्या आईनं हेच म्हटलं असतं
तर ह्या वाक्यात पुरुष दिसलाच नसता,
नुसती एक बाजू दिसली असती.
आई असं काही म्हणाली नाही.
आईनं पलंगच विकला, उन्हाळ्यात,
आणि सोफ्यावर झोपायला लागली.

सहा वाजून दहाची बस.
सेइया गाळणी चालवते,
सारणी एकदम आटोपशीर होते.
कॉफीच्या पावतीमागे ती पेन्सिलीनं लिहिते:
बेड, एक.
पावती कोटाच्या खिशात जाते,
हातमोज्यांखाली,
जिथं मागच्या हिवाळ्यातल्याही दोन आहेत.