नेसाईचा कडा

बार्शीपर्यंत एसटी, पुढं वडाप,
शेवटचा कोसभर पाय.
नायना पुढं, मी मागं,
पिशवीत सात हात पांढरं कापड,
माग भंगारात जाण्याआधी
त्यावरून उतरलेलं शेवटचं.

नवस अम्माचा होता.
कशासाठी बोलली, ते सांगितलं नाही.
सुपात विडीची पानं कातरता कातरता
एकदा एवढंच म्हणाली,
"नेसाईचं एक कापड राहिलंय."
मग ती राहिली नाही. कापड राहिलं.

गुरवाची केराबाई पायरीवर बसून सांगते,
शंभरदा सांगितलेलं, तरी घाई नाही:
धनगराची लेक होती. मागं घोडेस्वार लागले.
बोरीबाभळींनी लुगडं ओढून ओढून नेलं,
कड्याशी पोचली तेव्हा अंगावर सूत नव्हतं.
डोंगर म्हणाला, हे घे,
आणि पाणी नेसवलं.
म्हणून शिमग्यापासून मिरगापर्यंत
गडीमाणूस इकडं फिरकत नाही.
पाणी आटतं. ती उघडी असते.
बहात्तरला तर अख्ख्या वाडीनं
लुगड्याला लुगडं जोडून वरून सोडलं.
"माझ्या सासूचं लग्नातलं होतं त्यात,"
केराबाई म्हणते. अजून हळहळते.

मी वर बघते.
भादवा अर्धा सरलाय, आणि धार
माथ्यावर मनगटाएवढी,
खाली येता येता विसविशीत.
सोलापूरकडचं पाणी. त्याला ऐट कुठली.

"चालू आहे का बंद?"
नायना विचारतात, ओरडून,
चाळीस वर्षं शेडमध्ये बोलले तसंच.
कान मागांनी कधीच नेलेत.
मी मान हलवते: चालू.
माझ्या मानेवर त्यांचा विश्वास नाही.
चपला काढून ओल्या दगडावर तळवा टेकतात,
रात्रपाळीला शिरताना
शेडच्या भिंतीला टेकायचे तसा,
आणि डोळे मिटून थांबतात.
"आहे. पण हळू."

मग धारेकडं बघत राहतात,
हात न जोडता,
जॉबर बिघडलेल्या मागाकडं बघतो तसं.
"ताणा बराय. तीन-चार जागी तुटलाय.
बाणाच नाही पण."

केराबाई हसते. तिला कळलेलं नाही.
मलाही नाही,
कपारीतून पाकोळी सुटेपर्यंत.
डावीकडून उजवीकडं, धारेतून आरपार.
लगेच दुसरी, उलटी.
नायनांचं बोट त्यांच्याबरोबर
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
किती वेळ, कुणास ठाऊक.
वडापवाला खालून हॉर्न देत होता.

कापड कुंडात सोडणार, तर त्यांनी अडवलं.
उलगडलं. काठ बोटांनी चाचपत नेला,
पाचव्या हातावर एक गाठ लागली.
दातांनी तोडली. थुंकली.
"आता दे."

भिजून जड झालं, दगडाला चिकटलं.
"उद्या काढून वाळवीन,"
केराबाई बोलली, जराही न लाजता,
"पोरीचं बाळंतपण आलंय. आईला चालतं."

नायनांना ऐकू गेलं नव्हतं.
मी त्यांचा तळवा ओढला,
बोटानं तेलुगूत लिहिलं, दोनदा,
पहिल्यांदा ओल्या हातावर नीट उमटलं नाही.

त्यांनी कापडाकडं पाहिलं, मग तिच्याकडं,
आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं विचारलं,
"सात हात पुरंल का?"