बफरच्या पुढं

आमच्या गावात रेल्वे येते, पुढं जात नाही.
इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं
आणि आल्या वाटेनं परत मिरजेकडं.
बफरच्या पुढं रूळ नाही, गाव आहे.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात एकतीस वर्षं
सागवानात पंप कोरले, ते लोखंडात ओतले गेले.
लोखंड गार होताना आटतं,
म्हणून लाकूड केसभर मोठं ठेवायचं, ही हाताची सवय.
रिटायर झालो आणि सवय उलटी फिरवली:
सगळं सत्याऐंशी पट लहान.

इलाही बागवान मोटार वाइंडिंगचा.
वायरी त्याच्या, लाकूड माझं.
इंजिनाच्या कठड्याला डाक लावून दिला
हुपरीच्या एका पैंजणवाल्यानं; पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाला, वाजत नाही हो हे.

रुकडीचा पूल तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा.
आतल्या अंगाला अजून सूर्यफूल आहे, कुणाला दिसत नाही.
ऊस खराट्याच्या काड्यांचा.
हौसेनं वाघिणींत खरा गूळ भरला, हरभऱ्याएवढ्या ढेपा.
सकाळी मुंग्यांनी मेन लाइन बंद पाडलेली
आणि सगळा माल रूळ सोडून
भिंतीकडं चाललेला.

भांडण एकच.
इलाही म्हणायचा, गोल फिरव. पोरं येतात,
त्यांना गाडी फिरलेली पाहिजे.
मी म्हणायचो, कोल्हापुरात गाडी गोल फिरती व्हय?
खोटंच करायचं तर जत्रेतलं खेळणं आण.
आठ दिवस बोललो नाही.
चहा मात्र एकाच किटलीतला.

प्रदर्शन दसरा चौकाजवळच्या हॉलमध्ये.
आदल्या रात्री राखणीला इलाही एकटाच.
सकाळी जाऊन बघतो तर
कोल्हापूर स्टेशनाच्या मागच्या फळीला भोक.
कमानदार. कडा पॉलिश पेपरनं घासलेल्या.
बफर उचलून बिजागरीवर बसवलेला,
सिग्नलच्याच तारेला जोडलेला,
आणि भोकाच्या वर, त्याच्या बिलबुकातल्या अक्षरात:
गगनबावडा, घाट, मग समुद्र.
फळीमागं शाळेचा एक बाक, त्यावर तीन फूट रूळ.
बस्स.

मी काही बोललो नाही.
बिजागरी दोनदा हलवून बघितली.
चोख बसली होती.

पहिल्या दिवशी गर्दी, दोन वेळा फ्यूज,
आणि एक बाई: ह्याचा उपयोग काय?
काही नाही वहिनी, इलाही म्हणाला, अगदी आनंदानं.
बफर दिवसभर बंदच. तार माझ्याकडं होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तातोबा कुरणे आले,
मिरज शेडचे ड्रायव्हर, रिटायर्ड,
पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली.
विचारलं, हात लावू का?
कंट्रोलर दोन बोटांत धरला, अंड्यासारखा.
आम्ही सगळे इंजिनाकडं बघतो.
ते इंजिनाकडं बघेचनात; पुढं बघत होते,
जिथं गाडी अजून पोचलेली नव्हती तिथं.
पूल ओलांडताना वेग पाडला.
ऊस संपला तसा आणखी पाडला.
शेवटचा डबा फलाटाला लागला, नखभर इकडं नाही तिकडं नाही,
आणि थांबले.

आजोबा, पुढं न्या की, एक पोरगं म्हणालं.
सिग्नल नाही, कुरणे म्हणाले.
आणि वाट बघत राहिले.
माझ्याकडं नाही, सिग्नलकडं बघत.
वाट बघायचा पगार घेतलेला माणूस.

इलाही उगाचच वायरी सारख्या करत होता.

तार सायकलच्या स्पोकची, मीच वाकवलेली.
केसभर ओढली.
सिग्नलचा हात पडला, बफर उठला,
कुरण्यांनी तोंडानंच शिट्टी दिली, लांबलचक,
हॉलच्या दारातला वॉचमन वळून बघण्याइतकी,
आणि इंजिन भोकात शिरलं.
मागून एकेक डबा.

आत तीन फुटांवर रूळ संपतो
हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.
इलाही फळीमागं पळाला,
दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरून.